चष्म्याच्या डबीत

माझ्याकडे चष्म्याच्या दोन डब्या आहेत. एकीत चष्मा असतो. दुसरी जरा फुगीर, गॉगलसाठी मिळते तशी. तिच्यात दम्याचा पंप असतो. मी बारा वर्षं योग शिकवते आहे आणि ही दुसरी डबी पहिल्या दिवसापासून पिशवीत आहे. वर्गाआधी मी समाजमंदिराच्या मागे नळावर जायचे, पंप घ्यायचे, चूळ भरायचे, ओढणीने तोंड पुसायचे आणि आत येऊन म्हणायचे, "चला, दीर्घ श्वास."

हे लिहिताना आता फारशी लाज वाटत नाही. लाज वाटायची ती वाटून झाली, त्याचीच ही हकीगत.

माझे वर्ग दोन प्रकारचे. शनिवार-रविवार किहीमच्या बंगल्यांत. तिथे मुंबईहून आलेली मंडळी स्वतःवर प्रेम कसं करायचं ते शिकायला लॉनवर बसतात, नेमकी माडाखाली. वर नारळ आहेत हे मी दर वेळी सांगते, पण सावली तिथेच असते. एका बाईंनी मला विचारलं होतं, आपल्या गुडघ्यांना थँक्यू कसं म्हणायचं? मी म्हटलं, जिना उतरताना कठडा धरा. त्या पुढच्या आठवड्यात आल्या नाहीत.

सोमवार ते शुक्रवार दुपारी साडेचारला समाजमंदिरात गावातल्या बायका. त्यांना स्वतःवर प्रेम वगैरे करायला सवड नसते. कंबर दुखते, ती थांबली पाहिजे, इतकं सरळ काम. भातशेती, कुणाच्या तरी बंगल्याची झाडलोट, घरचं रांधणं हे सगळं करून त्या येतात आणि शवासनात दुसऱ्या मिनिटाला घोरायला लागतात. मी उठवत नाही.

दोन्हीकडे मी एकच सांगायचे. शरीर जसं आहे तसं मान्य करा, त्याच्याशी भांडू नका, त्याच्यातलं काही लपवू नका. हे वाक्य मी फार छान म्हणते. आवाज थोडा खाली आणते, मध्ये थांबते. बंगल्यातली माणसं डोळे पुसतात. डबी तेव्हा माझ्या मांडीशेजारी पिशवीत असायची.

लपवायची सवय आईनं लावली. वडील अलिबागच्या कोर्टात कारकून, घरात मी एकटी मुलगी, आणि ती दमेकरी. मुलीच्या दम्याचं बाहेर बोलायचं नाही, हे मला शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक होतं. बघायला मंडळी यायची तेव्हा आईचे तीन नियम असत. त्या दिवशी उदबत्ती लावायची नाही. पोह्याच्या फोडणीत मिरची घालायची नाही. आणि मी एका दमात तीनपेक्षा जास्त शब्द बोलायचे नाहीत, म्हणजे धाप ऐकू येत नाही. पाहुण्यांना मी भलतीच शालीन वाटायचे. अशा शालीनतेवरच माझं लग्न जमलं.

लग्नानंतर तिसऱ्या दिवशी नवऱ्याला कळलंच. त्यानं पलंग खिडकीकडे सरकवला आणि माझ्या उशीखाली आणखी एक उशी ठेवली. त्या एका गोष्टीपायी मी त्याला पुढे बरंच काही माफ केलं आहे. आईला मात्र मी हे कधी सांगितलं नाही. तिला शेवटपर्यंत वाटत होतं की तिकडे कुणाला पत्ता लागलेला नाही.

योगाकडे मी वळले ती दम्यामुळे, आणि त्याचा उपयोग झाला, हे खरं आहे. धापा कमी झाल्या, धाप लागली की पाचावर धारण बसायची ती बसेनाशी झाली. पण पंप सुटला नाही. सकाळ-संध्याकाळचा एक आणि अडीअडचणीचा दुसरा, असे दोन आजही आहेत. डॉक्टरांनी कधी पंप सोडा म्हटलं नाही, मीही कधी सोडला नाही.

समाजमंदिरातल्या पहिल्याच दिवशी एकीनं विचारलं होतं, "यानं काय बरं व्हतं, बाई?" मी म्हटलं, "मला लहानपणी दमा होता. आता बघा." आणि एक लांबलचक ओंकार म्हणून दाखवला. बायका बघत राहिल्या. यात खोटा शब्द एकही नव्हता, अशी मी स्वतःची समजूत घातली. पुढे दर नव्या बाईला हे ऐकवलं जायचं, बहुतेक वेळा दुसरंच कुणी ऐकवायचं आणि मी नुसती हसायचे. बाईंचा दमा योगानं गेला. मला ते ऐकायला आवडायचं, हेही सांगून टाकते.

त्या बायकांत एक खांबाजवळची होती. वय पंचेचाळीसच्या आसपास. नवरा-बायको मिळून एक बंगला सांभाळायचे आणि घरची थोडी शेतीही करायचे. पाठीला टेकू हवा म्हणून ती कायम खांबालगत बसायची. तिला दमा होता, तोही कुणापासून न लपवता. कमरेच्या पिशवीतून पंप काढायची, सगळ्यांसमोर घ्यायची, परत ठेवायची. मला तिचं हे वागणं थोडं गावंढळ वाटायचं. कधीमधी तिची मुलगी सोबत यायची. विशीतली, अलिबागला कापडाच्या दुकानात कामाला, शेवटच्या रांगेत बसणारी. ओंकार लांबला की ही हळूच उठून बाहेर जायची. फार कमी बोलायची. मुलगी शांत आहे, एवढंच मी तिच्याबद्दल ठरवून टाकलं होतं.

दोन वर्षांपूर्वी भातकापणीच्या सुमारास खांबाजवळचीनं पंप काढणं बंद केलं. माझ्या ते लक्षात आलं. मला वाटलं, योगाचा गुण आला. खोटं कशाला बोलू, मी मनातून फुशारले.

मग झोडणी सुरू झाली. खळ्यावर पेंढ्या आपटल्या की जो धुरळा उडतो तो धडधाकट माणसालाही खोकायला लावतो. एका शुक्रवारी ती दिवसभर झोडणीला होती आणि साडेचारला नेमाने वर्गालाही आली, केसांत तूस घेऊन. भ्रामरी चालू होती. पंचवीस बायका डोळे मिटून भुंग्यांसारख्या गुणगुणत होत्या, आणि त्या गुणगुणीखालून मला शिट्टी ऐकू आली. छातीतली शिट्टी. ती मी कुठेही ओळखेन.

डोळे उघडले तर ती खांबाला दोन्ही हातांनी धरून होती. ओठांचा रंग गेलेला. मी धावले, "पंप कुठे आहे?" तिनं मान हलवली. पिशवी चाचपली, पिशवीत नव्हता. कुणी म्हणालं पाणी द्या, कुणी म्हणालं कांदा हुंगवा. एकीनं तिला आडवं करायला घेतलं, तिला मी ओरडून थांबवलं.

इथे मी थांबले. फार नाही, दोन श्वास असतील. माझे, तिचे नव्हेत. पिशवी माझ्या आसनाशेजारी होती आणि सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. त्या दोन श्वासांत माझ्या मनात तिचा जीव नव्हता, माझी अब्रू होती. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

मग मी डबी आणली, उघडली, पंप हलवला आणि तिच्या तोंडाला लावला. तिला पुढे झुकवून बसवलं. एकदा, मग थोडं थांबून पुन्हा. एरवी ती पंप घ्यायची तसाच तिनं घेतला. शरीर विसरत नाही. काही वेळानं तिच्या चेहऱ्यावर थोडा रंग आला. रिक्षा आली, आम्ही तिला अलिबागला दवाखान्यात नेलं. रस्ताभर तिनं माझा हात सोडला नाही, पण माझ्याकडे पाहिलंही नाही.

दवाखान्यात डॉक्टर चिडले. "पंप बंद करायला कुणी सांगितलं?"

नाकावर वाफेचा मास्क होता. तो बाजूला करून ती म्हणाली, "कुनी न्हाय. मीच."

मी शेजारी उभी होते.  घरी आल्यावर जेवण गेलं नाही. नवऱ्यानं विचारलं, त्याला ते दोन श्वास सोडून बाकी सगळं सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, "मग आता सांगून टाक की बायकांना." जसं काही दूध नासलं ते ओतून टाक म्हणावं, तसं. मला त्याचा राग आला आणि तो बरोबर आहे हेही कळलं.

सोमवारी झोडणी ऐन भरात आल्यामुळे जेमतेम नऊ-दहा जणी आल्या होत्या. मी उभी राहिले आणि डबी हातात घेतली. म्हटलं, माझा दमा गेलेला नाही. योगानं तो आवाक्यात राहतो, पण पंप रोज लागतो, आधीपासून लागतो. तुम्हाला मी हे सांगायला हवं होतं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुणीही कसलंही औषध सोडायचं नाही.

 मग सगळ्यांत म्हातारी होती ती म्हणाली, "म्हंजे ती मशेरी नव्हं?"

मला कळेना. मग सगळ्याच हसायला लागल्या, तेव्हा उलगडा झाला. बाई रोज डबी घेऊन नळावर जातात, चूळ भरून येतात. आता डबी घेऊन माणूस नळावर कशाला जाणार? तंबाखू भाजून केलेली मशेरी दाताला लावायलाच. त्यांच्यातल्या निम्म्या लावतात. पहिल्या महिन्यापासून त्यांची खात्री होती की मीही लावते.

"मग मला कुणी विचारलं कसं नाही?"

"काय विचारायचं?" म्हातारी म्हणाली. "आमाला बरंच वाटलं. म्हणलं, बाई आपल्यातलीच हाय."

मीही हसले. पण घरी जाताना ते वाक्य डोक्यात राहिलं. इतकी वर्षं त्यांनी मला माझ्या व्यसनासकट पदरात घेतलं होतं, आणि ते व्यसन मला नव्हतंच. मान्य करा, मान्य करा म्हणून मी त्यांनाच शिकवत होते.

खांबाजवळची पंधरा दिवसांनी आली. वर्ग संपल्यावर थांबली. मी म्हटलं, "माझं चुकलं. माझ्यामुळे तुमच्या जिवावर बेतलं."

तिनं ते नाकारलं नाही. "चुकलंच, बाई," ती म्हणाली. मग पायाच्या अंगठ्यानं फरशी कोरत राहिली. "माज्यासाठी न्हवता सोडला मी पंप. मला काय, सवय हाय. पोरीला पन हाय दमा. कुनाला सांगितलेला न्हाय. म्हणलं, माजा गेला तर तिचा बी जाईल. मंग बघाया येनाऱ्यांना सांगायला काय उरनारच न्हाय."

शेवटच्या रांगेतली ती मुलगी डोळ्यांसमोर आली. कमी बोलणारी, हळूच उठणारी. शांत वगैरे नव्हती ती. ती आवाज न करता श्वास घेत होती, आणि निदान मला तरी ते ओळखू यायला हवं होतं.

"रविवारी मानसं येनार हायेत," ती म्हणाली. "पोर म्हनते, मी सांगनार. लपवून जायचं न्हाय. मला काय सुदरत न्हाय. तुमी या. तुमची डबी घेऊन या."

मी रविवारचा बंगल्यातला वर्ग रद्द केला.

मुलगा, त्याचे आईवडील, एक आत्या. प्लास्टिकच्या खुर्च्यांवर सगळे अवघडून बसले होते. मी मुलीच्या योगाच्या बाई म्हणून कोपऱ्यात. देव्हाऱ्यात दिवा होता, उदबत्ती नव्हती. मुलगी पोहे घेऊन आली. मी एक घास घेतला. पोह्यात मिरची नव्हती. मुलाच्या आईनं शिक्षण विचारलं, नोकरी विचारली, आणि मुलगी उत्तरं देत होती: बारावी झाली आहे. कापडाचं दुकान. दोन वर्षं झाली. मी मोजत होते. एकाही उत्तरात तीनाच्या वर शब्द नव्हते.

तिची आई दारात उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं.

मी डबी टीपॉयवर पोह्यांच्या बशीशेजारी ठेवली आणि उघडली. "मला लहानपणापासून दमा आहे," मी म्हटलं. "माझ्या वेळी आम्ही लपवला होता."  एवढ्या वर्षांत अनोळखी माणसांसमोर हे मी पहिल्यांदाच बोलत होते. आत्याबाईंनी पंपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग मुलीकडे. त्यांना कळलं असावं.

मुलीनं ट्रे खाली ठेवला. "मला पन हाय," ती म्हणाली. आणि मग थांबलीच नाही. कधीपासून आहे, औषध कुठलं, कशानं वाढतो, झोडणीच्या दिवसांत काय होतं, आईनं पंप कसा सोडला होता आणि का, सगळं एकामागोमाग एक, चांगली मोठमोठी वाक्यं. मध्ये तिला धाप लागली. ती थांबली, तोंड उघडून सगळ्यांदेखत, आवाज करत श्वास घेतला, आणि पुढे बोलायला लागली. मुलगा खुर्चीत जरा पुढे सरकून ऐकत होता. कळवतो, असं म्हणून ती मंडळी नंतर गेली, आणि अजून कळवायची आहेत.

पण तेव्हा ती बोलत होती, आणि माझ्या डोक्यात जुनी मोजणी आपोआप चालू झाली होती. तीन. सहा. नऊ. मग मी मोजायचं सोडलं आणि ती काय म्हणते आहे ते ऐकलं.