अंगठ्यात अडकवलेली दोरी

मॅट्रिकला गणितात आपटलेल्या माणसाला कल्याणच्या धान्यबाजारात वजनं करायची नोकरी मिळाली, यावरून त्या काळी माणसांची किती टंचाई होती ते कळेल. शेठच्या वखारीत मी मेहताजी झालेलो. पंचावन्न साल असेल किंवा छप्पन्न. टोपी घालून, कानाला पेन्सिल लावून मी गोण्यांमधून असा फिरायचो, जणू वखार माझ्याच वडिलांनी बांधली.

वखारीत बायका धान्य निवडायला यायच्या. ज्यांची पोरं अंगावर पिणारी, त्या पोरांना घेऊनच यायच्या. घरी सांभाळायला होतं कोण? तुळईला गोणपाटाची झोळी बांधायची, झोळीच्या दोरीचं टोक पायाच्या अंगठ्यात अडकवायचं आणि सूप हातात घ्यायचं. वर हात पाखडतायत, खाली पाय झोका देतोय. मला एका वेळी एक कामही धड येत नसे, त्यामुळे मी बघतच राहायचो.

त्यात एक मोहने गावाहून चालत येणारी होती. नवरा परागंदा, सासर तुटलेलं, पदरी सात-आठ महिन्यांचा मुलगा. मला ‘भाऊ’ म्हणायची, तेही अशा सुरात की ‘गाढवा’ म्हटलेलं बरं.

एकदा मी अक्कल चालवून तुरीच्या गोण्या तिच्या झोळीखालीच रचल्या. व्हायचं ते झालं. शेठनं वरची गोण चाचपली.

“ही भिजली कशानं?”

“छप्पर गळतंय, शेठ,” मी म्हणालो.

“वैशाखात?”

बायकांनी तोंडाला पदर लावले. शेठ हसला नाही. “पुन्हा गोण भिजली तर सगळ्या झोळ्या बंद. पोरं घरी ठेवून या,” म्हणाला आणि गेला.

“भाऊ, लई हुशार तुम्ही,” ती म्हणाली. “तुमच्या आईनं तुम्हाला घरीच ठेवलं असतं तर बरं झालं असतं.” त्या दिवसापासून ती झोळीत पोराखाली आपल्या जुन्या लुगड्याच्या घड्या घालू लागली. झोळी गेली तर कामही गेलं, हे तिला माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं.

पावसाळा सरता सरता पोराला ताप भरला. तशा तापातही ती दोन दिवस त्याला घेऊन आली. तिसऱ्या दिवशी आली नाही. मग तिच्या शेजारी बसणाऱ्या म्हातारीनं सांगितलं, पोर गेलं.

ती परत कामावर येणार असं कळलं तेव्हा माझ्या अंगात शहाणपण संचारलं. सकाळी लवकर येऊन मी झोळी सोडली, दोरी गुंडाळली आणि मागच्या कोठीत नेऊन टाकली. तिच्या नजरेला पडायला नको. स्वतःवर इतका खूष झालो की एक चहा जास्त प्यायलो.

ती आली, जागेवर बसली. सूप उचललं. पाय पुढे झाला, अंगठा जमिनीवर चाचपडला. सूप थांबलं.

“माझी दोरी कुणी सोडली?”

“मेहताजीनं,” म्हातारी म्हणाली.

“बांधा भाऊ परत. पाय हलल्याबिगर हात चालत नाहीत माझे.”

मी गोण्यांवर चढून झोळी बांधली. तिनं दोरी ओढताच माझी गाठ सुटून सगळं खाली आलं. एरवी वखार हसून लोळली असती. त्या दिवशी म्हातारी मुकाट्यानं उठली आणि तिनं नीट गाठ मारली.

तरी झोका बसेना. रिकामं गोणपाट नुसतं फडफडायचं. तिनं जवळचं फडकं पसरलं, त्यात ओंजळी-ओंजळीनं तूर घातली, गाठोडं बांधलं आणि झोळीत ठेवलं. दोरी ताणली गेली. सूप चालू लागलं.

दुपारी शेठ आला. झोळी हलताना पाहून थबकला.

“पोराला ताप होता ना? उतरला?”

ती मान खाली घालून पाखडत होती. मी म्हणालो, “हो शेठ. आत्ताच झोपलाय.”

“मग गोण्या हळू टाकायला सांग हमालांना,” शेठ दबक्या आवाजात म्हणाला आणि चपला हातात घेऊन बाहेर गेला.

संध्याकाळी तिनं गाठोडं सोडलं, तूर गोणीत परत ओतली आणि झोळी झटकली. दुसऱ्या दिवसापासून ती यायच्या आत तूर बांधून ठेवायचं काम मी स्वतःकडे घेतलं. वजनं करणं माझी नोकरीच होती. एका सकाळी गाठोडं जरा भरगच्च झालं. मला वाटलं, जडच बरं, झोका चांगला बसेल.

तिनं दोरी ओढली. पुन्हा एकदा ओढून पाहिली.

“एवढा नव्हता झाला तो, भाऊ.”

मी गाठ सोडून दोन ओंजळी तूर काढून घेतली.