एक नंबर मोठं

लोहाऱ्यात भीमाशंकर बिराजदार कुठं राहतात असं विचारलं तर लोक डोकं खाजवतात. फिटरमामा म्हटलं की शेंबडं पोरही दारात आणून सोडतं. एकतीस वर्षं ते साखर कारखान्यात फिटर होते. ऐन गाळपात एखादा पंप बंद पडला की नवा भाग येईपर्यंत थांबायला कुणाला सवड नसायची. बाहेर उसाच्या गाड्यांची रांग लागलेली असायची. मग साहेबलोक भीमाशंकरांकडे बघायचे आणि ते खाली मान घालून म्हणायचे, "बघू. बसवून घेऊ."

आणि घ्यायचेही. दुसऱ्याच पंपाचा बुश कानशीनं घासून, जुन्या ट्यूबचं पॅकिंग कापून, फटीत पत्र्याची चकती सारून ते पंप चालू करून द्यायचे. सामान आणायला गेले की मापापेक्षा एक नंबर मोठं आणायचे. मोठं घासून बारीक होतं, बारीक काही केल्या मोठं होत नाही, एवढा त्यांचा साधा विचार. चार माणसांत बोलायची वेळ आली की त्यांना घाम फुटायचा, पण हातात कानस असली की कशाची म्हणून भीती वाटत नसे.

भीती वाटायला लागली ती रिटायर झाल्यावर, लेकीच्या कॉम्प्युटरपायी.

लेक महेश्वरी सत्तावीस वर्षांची. तहसीलसमोर धनाजी जाधवर यांचं झेरॉक्सचं दुकान आहे, तिथं ती पाच वर्षं टायपिंग करत होती. मराठी आणि कन्नड दोन्ही सफाईनं टाइप करणारी गावात ती एकटीच. पुण्याच्या एका कंपनीला कन्नड कागदपत्रं मराठीत करून देणारी माणसं हवी होती, तीही घरी बसून काम करणारी. महेश्वरीनं अर्ज केला, पहिली परीक्षा पास झाली. आता गुरुवारी सकाळी दहाला एक तासाची शेवटची चाचणी होती आणि ती स्वतःच्याच कॉम्प्युटरवर द्यायची होती. मेमरी आठ जीबीपेक्षा कमी चालणार नाही, चाचणीत मशीन अडलं तर दुसरी संधी मिळणार नाही, असं त्यांनी स्पष्ट कळवलं होतं.

तयार मशीन परवडण्यासारखं नव्हतं. सुटे भाग आणायचे, जुने चालतील, पण एकमेकांना जुळणारे पाहिजेत, असं महेश्वरीनं ठरवलं. पंधरा दिवस ती मोबाइलमध्ये डोकं घालून बसली. कुठल्या बोर्डाला कुठला प्रोसेसर लागतो, त्याला मेमरी कुठली चालते, हे सगळं तिनं एका कागदावर लिहून काढलं.

"सोयरीक जमवायलीस का कॉम्प्युटर?" इरम्मानं, तिच्या आईनं, भाकरी थापता थापता विचारलं.

"अव्वा, सोयरीक सोपी असती. तिथं थोडं खपवून घेतात. हितं केसाएवढं बी चालत न्हाय."

"आनलेलं सामान बसवायचं काम माझ्याकडं," भीमाशंकर म्हणाले. एवढ्या वर्षांत लेकीसाठी आपल्या हाताचा काही उपयोग होतोय, याचं त्यांना फार बरं वाटलं होतं.

"बसवा की, अप्पा. पण कागदावर लिहिलंय तेच आना."

बोर्ड, प्रोसेसर, डिस्क, पडदा, कीबोर्ड आणि पेटी धाराशिवला एकाच दुकानात मिळाली. जुनं पण चांगलं सामान होतं, विंडोजही दुकानदारानंच घालून दिलं. मेमरी तेवढी त्याच्याकडे शिल्लक नव्हती. ती सोलापूरला मिळेल म्हणाला. मंगळवारी महेश्वरीला सुट्टी मिळेना, म्हणून भीमाशंकर एकटेच एसटीनं गेले. 'मेमरी आठ जीबी, डीडीआर थ्री' ही ओळ त्यांनी गाडीत चार वेळा वाचली.

दुकानात गर्दी होती. मागचा माणूस सारखा घड्याळ बघत होता. दुकानदारानं मान वर न करता विचारलं, "मामा, कुठली देऊ? थ्री का फोर?" आणि दोन हिरव्या पट्ट्या काचेवर ठेवल्या. भीमाशंकरांनी त्या शेजारी शेजारी धरून बघितल्या.

"लांबी तर एकच हाय."

"लांबी एकच असतीया. बोला लवकर."

मागचा माणूस खाकरला. कागद खिशात होता, तो काढून पुन्हा बघावा असं मनात आलं, पण हात तिकडं गेलाच नाही. तीनपेक्षा चार एक नंबर मोठा. थोडे पैसे जास्त होते, पण एकतीस वर्षांची सवय तोंडातून आपोआप बोलून गेली, "फोर द्या."

बुधवारी दुपारी, महेश्वरी दुकानात असताना, त्यांनी टेबलावर धुतलेलं धोतर अंथरलं आणि एकेक भाग मांडला. बोर्ड पेटीत बसला. प्रोसेसर जागेवर बसला. वायरीही ज्याच्या त्याच्या जागी गेल्या. संध्याकाळी लेक येईल तेव्हा मशीन चालू करून दाखवायचं, असं त्यांच्या मनात होतं. शेवटी त्यांनी मेमरीची पट्टी उचलली.

पट्टीच्या खालच्या कडेला एक खाच असते आणि बोर्डावरच्या फटीत तेवढाच एक बारीक उंचवटा असतो. तो उंचवटा खाचेत गेला की पट्टी बसते. इथं खाच एकीकडे आणि उंचवटा दुसरीकडे. अंतर ज्वारीच्या दाण्याएवढं. त्यांनी पट्टी उलटी करून बघितली, पुन्हा सुलटी केली. कपाळावरचा घाम चष्म्याच्या काचेवर उतरला. मग ते उठले आणि ट्रंकेतून बारीक कानस काढली.

इरम्मा दारात गहू निवडत होती. कानस बघून तिनं सूप खाली ठेवलं. घाबरली की तिच्या तोंडी कन्नडच येतं. "ब्याडरी, ब्याड! नका घासू, लेकराला इचारा आधी."

"आगं, दान्याएवढं तर हाय."

त्यांनी खाच रुंद करायला घेतली. धोतरावर हिरवी भुकटी पडली. आठ-दहा वेळा कानस फिरवल्यावर त्यांनी चष्मा पुसून पट्टी उजेडात धरली. हिरव्या रंगाखाली केसासारख्या बारीक तांब्याच्या रेघा होत्या. त्यातल्या दोन तुटल्या होत्या. लोखंडाचा तुकडा कितीही घासला तरी उरलेलं लोखंडच राहतं. इथली प्रत्येक रेघ कुठून तरी निघून कुठं तरी जात होती, आणि आपण मधेच वाट तोडली होती.

कानस ठेवून त्यांनी सोलापूरच्या दुकानात फोन लावला.

"मामा, फोर काय थ्रीच्या बोर्डाला जन्मात बसत न्हाय," दुकानदार म्हणाला. "आना, बदलून देतो."

"थोडी घासली म्या."

"काय केली?"

"घासली. कानशीनं."

दुकानदारानं फोन बाजूला धरला. मग तो कुणाला तरी ही गोष्ट सांगतोय आणि दोघं-तिघं हसताहेत, असं ऐकू आलं. "मामा, मग आता ती खडखडणाऱ्या खिडकीला लावा पाचर म्हणून. बोर्डात तर न्हाय ना ठोकली?"

"न्हाय."

"नशीब तुमचं. बोर्ड वाचला."

दुसरी आणायची तर सोलापूर गाठायला हवं. साडेतीनची गाडी नुकतीच गेली होती. पुढच्या गाडीनं पोचेपर्यंत दुकान बंद झालं असतं, आणि सकाळी जाऊन दहाच्या आत परत येणं शक्यच नव्हतं. भीमाशंकर खुर्चीत बसून राहिले. दुकानदारानंच खराब दिली असं सांगावं का, हाही विचार मनात येऊन गेला. त्या विचाराची त्यांना लाज वाटली.

"पोरगी येईपतूर असंच तोंड करून बसनार का?" इरम्मा म्हणाली. "जावा. सांगून टाका."

त्यांनी टोपी घातली.

दुकानात महेश्वरी कुणाचं तरी प्रतिज्ञापत्र टाइप करत होती. धनाजी मशीनमध्ये कागद भरत होते. भीमाशंकर दारातच थांबले.

"अप्पा? अव्वा बरी हाय ना?"

"बरी हाय." त्यांनी टोपी काढून हातात घेतली. "ती मेमरी... तीनच्या जागी चार आनली म्या. म्हणलं, एक नंबर मोठी घ्यावी. बसंना, म्हणून घासली."

महेश्वरीनं कीबोर्डवरचे हात काढून मांडीवर ठेवले. तिचा चेहरा एवढासा झाला. "लिहून दिलं होतं की हो, अप्पा."

"घासली?" धनाजींनी मान वर केली. "मेमरी घासली? फिटरमामा, गावात तुमच्यासारखा मानूस न्हाय बगा! पन मेमरी कशाला पायजे तुमाला?"

"उद्या दहाला परीक्षा हाय हिची. पुण्याच्या कंपनीची. नोकरी..."

बोलता बोलता त्यांनी लेकीकडं बघितलं आणि त्यांना कळलं, की तिनं धनाजींना यातलं काहीच सांगितलेलं नव्हतं. एक चूक आधीच झाली होती, आता ही दुसरी.

"आस्सं," धनाजी म्हणाले. "पाच वर्सं माझ्या मशीनवर हात बसवला, आन् आता पुनं."

"घरूनच काम हाय, दादा. लागली असती तर सांगनारच होते."

"लागल्यावर. म्हंजे आमी वाऱ्यावर."

 एक गिऱ्हाईक आधार कार्डाच्या दोन प्रती घेऊन गेलं. धनाजींनी सुटे पैसे गल्ल्यात टाकले, गल्ला लावला, पुन्हा उघडला. भीमाशंकरांना वाटलं, हात जोडावेत. पण लेकीला ते आवडलं नसतं.

"थ्री पायजे ना?" धनाजींनी अखेर विचारलं. कोपऱ्यातल्या जुन्या कॉम्प्युटरचा बाजूचा पत्रा त्यांनी उघडला आणि आतून दोन पट्ट्या काढल्या. "चार-चारच्या दोन हायत. मिळून आठ. आयतवारपतूर परत पायजेत, सोमवारी सातबाऱ्याची गर्दी असती." पट्ट्या त्यांनी महेश्वरीच्या हातात दिल्या. "आन् मामा, तिलाच बसवू द्या. तुमी हात मागं बांधून उभं ऱ्हावा."

घरी आल्यावर महेश्वरी सरळ पेटीपुढं बसली. आत दिसावं म्हणून भीमाशंकरांनी बॅटरी धरली.

"अप्पा, उजेड हलतोय."

त्यांनी दोन्ही हातांनी बॅटरी धरली. पहिली पट्टी टक् असा आवाज करून बसली. दुसरीही बसली. जोर लावावा लागला नाही. पडद्यावर अक्षरं आली तेव्हा इरम्मानं लांबूनच हात जोडले. महेश्वरीनं मेमरीचा आकडा बघितला, मग पहिल्यांदाच वडिलांकडं बघितलं, पण हसली नाही.

गुरुवारी दहाला तिनं आतून दार लावून घेतलं. भीमाशंकर ओट्यावर बसले. शेजारच्या धुरपदाबाई बोलत बोलत आल्या, तेव्हा त्यांनी नुसतं ओठांवर बोट ठेवलं. त्या चकित होऊन परत गेल्या, कारण या माणसानं आजवर कुणालाच गप्प केलं नव्हतं. लाइट जाईल का? पेटी तापून बंद पडेल का? बोर्डावर कानशीची भुकटी तर पडली नसेल? आतून टायपिंगचा आवाज यायचा तोवर ते बसून राहायचे. आवाज थांबला की उठून उभे राहायचे आणि दाराला कान लावायचे. पुन्हा सुरू झाला की बसायचे. तासाभरात असं कितीदा झालं, ते इरम्माच सांगू शकेल.

अकराच्या पुढं बराच वेळ आत फोनवरचं बोलणं चालू होतं. मग कडी वाजली.

"सोमवारपासून सुरू करा म्हनले," महेश्वरी म्हणाली.

भीमाशंकरांनी तिच्यामागं आत डोकावून बघितलं. "मशीन?"

"एकदा बी अडलं न्हाय."

"म्या तो कागद बघायला पायजे होता."

"व्हय, बघायला पायजे होता," ती म्हणाली. मग त्यांच्या खांद्यावर हात ठेवून चप्पल पायात घातली. "शनिवारी जाऊ दोघं सोलापूरला."

"आता कुठं निघालीस?"

"धनाजीदादाकडं. दुसऱ्या कुनाकडून कळायच्या आत मीच सांगते."

ती गल्लीच्या वळणापर्यंत दिसत होती तोवर ते बघत राहिले. मग आत आले. टेबलावर मशीन चालूच होतं आणि आतला पंखा एकसारखा फिरत होता. ते बंद कसं करायचं, हे त्यांनी कधी विचारलंच नव्हतं. बटण समोर दिसत होतं. त्यांनी बोट पुढं केलं, पुन्हा मागं घेतलं आणि लेक येईपर्यंत हात मांडीवर ठेवून त्याच्याशेजारी बसून राहिले.