चुलीमागे एक वाटा

चंदीगडच्या स्टेशनावर उतरलो तेव्हा पहिला विचार मनात आला तो हा, की हे काम दुसऱ्या कुणाच्या तरी गळ्यात पडायला हवं होतं. पंजाबातल्या गोळीबाराच्या बातम्या रोज येत होत्या, शहाणी माणसं तिकडचा प्रवास टाळत होती, आणि आमच्या ग्रामसभेनं एकमतानं मला इकडे धाडलं होतं. कारण काय, तर अक्काचे यजमान, आमचे दाजी, इथे हवाई दलात आहेत. म्हणजे राहण्याजेवणाची सोय आयती.

काम असं होतं. आटपाडीकडच्या आमच्या गावात नवा तलाव झाला आणि पाणी वाटायचं कसं यावरून गावात दोन तट पडले. मी शाळामास्तर खरा, पण तलावाखालची सगळ्यात मोठी जमीन आम्हा दोघा भावांची. माझं मत ठरलेलं होतं : जमीन तितकं पाणी. अडचण होती ती म्हाकूची. त्याला जमीन नाही, पण शेळ्या आहेत. त्या तलावाच्या वरच्या उतारावर गवताचं पातं ठेवत नसत आणि प्रत्येक पावसाला तिथली माती तळ्यात उतरे. चार-दोन वर्षांत तळं गाळानं भरणार हे शेंबड्या पोरालाही दिसत होतं. चंदीगडजवळच्या डोंगरातल्या एका गावानं हाच पेच सोडवला आहे, असं कुणीतरी पेपरात वाचलं. झालं! "मास्तर, बघून या."

अक्काचं घर सेक्टर २२ मध्ये, भाड्याचं. सकाळी खिडकीतून पाहिलं तर समोरचे गृहस्थ रबरी नळीनं मोटार धूत होते. मोटार झाली, मग फाटक धुतलं, मग फाटकापुढचा रस्ता. रस्ता धुणारा माणूस मी जन्मात पहिल्यांदा पाहिला.

"अक्का, याला कुणी काही बोलत नाही?"

"इथं पाण्याला तोटा नाही रे. तू आधी चहा घे."

"मामा, पानी तो आता ही है ना," भाची म्हणाली. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर हिंदीतच येतं. माझ्या ओठांवर पुष्कळ आलं होतं, ते मी चहाबरोबर गिळलं. उठून मोरीतला गळका नळ तेवढा आवळला. तो पाच मिनिटांत पुन्हा गळायला लागला.

नाष्टा करून बस पकडली. मनीमाजरा ओलांडलं आणि नाका आला. सगळ्यांना खाली उतरवून झडती सुरू झाली. माझी झडती झाली, पण अक्कानं बांधून दिलेला जेवणाचा डबा सीटवरच राहिला होता. त्या दिवसांत बेवारस वस्तूला हात लावू नका अशा पाट्या प्रत्येक बसमध्ये लावलेल्या होत्या. शिपायानं डबा पाहिला मात्र, तो ओरडला आणि माणसं शेतात पळाली. मीही पळालो. डबा माझाच आहे हे मला शेताच्या मध्यावर पोचल्यावर आठवलं.

"खोलो!" बंदूक रोखून शिपाई म्हणाला.

मी उघडला. आत चपात्या आणि शेंगदाण्याची चटणी. त्यानं लांबूनच वास घेतला, मला चार शब्द सुनावले आणि बस सोडली. उरलेल्या वाटेवर माझ्या शेजारी कुणी बसलं नाही.

गाव मात्र पाहण्यासारखं होतं. डोंगर गवतानं झाकलेला, दोन टेकड्यांच्या मध्ये मातीचा बांध, त्यामागे निवळशंख पाणी आणि खाली पोपटी गहू. पाणी समितीचे प्रधानजी, पांढऱ्या दाढीचे, मला बांधावर घेऊन गेले. मी वहीपेन्सिल काढून विचारलं, जमिनीप्रमाणे वाटा कसा ठरवता?

"ज़मीन से नहीं जी. चूल्हे से," ते म्हणाले. "एक चूल्हा, एक हिस्सा."

चूल्हा म्हणजे चूल. ज्या घरात एक चूल पेटते त्याला पाण्याचा एक वाटा, मग त्या घराची जमीन कितीही असो. नसली तरी! मी पेन्सिल खाली ठेवली. आम्ही भाऊभाऊ एकत्र राहतो. इतकी जमीन, आणि वाटा म्हाकूएवढा?

"और जिसकी ज़मीन ही नहीं, वो पानी का क्या करेगा? पिएगा?" मी विचारलं.

"मुझसे पूछो," शेणाची पाटी घेऊन चाललेली एक म्हातारी थांबली. तिचं नाव बंतो. जमीन नाही, नवरा नाही, दोन म्हशी आहेत. तिनं सांगितलं ते असं : पूर्वी तिच्या बकऱ्यांनी हाच डोंगर बोडका केला होता. आता ती आपला वाटा शेजाऱ्याला देते आणि बदल्यात वैरण घेते. बकऱ्या तिनं स्वतःच काढून टाकल्या. "मिट्टी आएगी तो मेरे पानी में आएगी ना!"

मला राग आला. मग मी मास्तरी डोकं लढवलं. कुणी घरात दुसरी खोटी चूल मांडली तर?

दोघंही हसायला लागली. प्रधानजी म्हणाले, तसं झालं की अख्खी कमिटी त्या चुलीवर जेवायला जाते. पाच दिवस, न सांगता. बंतो म्हणाली, "झूठे चूल्हे में राख नहीं होती."

तिनं मला मक्याची रोटी, सरसोंचं साग आणि पेलाभर ताक वाढलं. इतकं चवदार जेवण इतक्या वाईट मनःस्थितीत मी कधी जेवलो नाही.

परत येऊन धाकट्या भावाला, दत्तूला, कार्ड टाकलं : 'इथे जमिनीला कुणी विचारत नाही. चुली मोजतात. एक चूल, एक वाटा. हे खूळ आपल्याकडे आलं तर आपण बुडालो.' कमिटीच्या जेवणाची गोष्ट लिहायला कार्डावर जागा उरली नाही.

दुसऱ्या दिवशी निघायचं होतं, तर बंद पुकारला गेला. गाड्या रद्द, बस रद्द. आठवडाभर अक्काच्या घरात बसून मी समोरचा रस्ता धुतला जाताना पाहिला. सारखी बंतो आठवे. ज्या पाण्यात म्हाकूचा थेंब नाही त्यात माती जाते की काय जातं, त्याला कशाला पर्वा असेल? तिचं खरं होतं आणि ते मला जड जाणार होतं.

शेवटी गावात पोचलो. वेशीपासून बघतो तर अंगणाअंगणात नव्या चुली! माझं कार्ड माझ्याआधी पोचलं होतं आणि पोस्टमननं ते पारावर मोठ्यानं वाचून दाखवलं होतं. आमच्याही अंगणात एक होती, छान सारवलेली.

"दादा, तू यायच्या आत येगळी चूल मांडली बघ," दत्तू खुशीत म्हणाला. "आता दोन वाटं आपलं!"

मी पाय धुतले आणि त्या चुलीपुढे जाऊन बसलो.

"सुमन, वाढ," मी दत्तूच्या बायकोला म्हणालो.

ती माझ्या बायकोकडे बघायला लागली. मी चुलीत हात घातला. गार होती. चिमूटभरही राख नव्हती.

संध्याकाळी ग्रामसभेत मी कार्डावर न मावलेली गोष्ट सांगितली. मग मागून म्हाकूनं विचारलं, "मास्तर, जेवायला पयलं कुणाच्या घरी जायाचं?"

"आमच्या," मी म्हणालो. "पण उपाशीच परत याल. चूल मी आत्ताच फोडून आलोय."

चुलीमागे एक वाटा असं सभेत ठरलं आणि पुढच्या आठवड्यात म्हाकूनं शेळ्या उतारावरून खाली आणल्या. दत्तू महिनाभर माझ्याशी बोलला नाही. जेवायला मात्र रोज माझ्या शेजारीच बसायचा, कारण घरात चूल एकच होती.