खाऱ्या विहिरीचं चाक

आजवर हे माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. बायकोला सांगितलं नाही, कतारमध्ये एका खोलीत झोपणाऱ्या गाववाल्यांनाही नाही. तुम्हाला का सांगतोय? माझं मलाच ठाऊक नाही. पण ऐका. आणि मधेच "जाऊ द्या हो, जुनं झालं" म्हणू नका — त्या वाक्याची मला चीड आहे.

सत्तरच्या दशकाच्या शेवटी मी दोह्याच्या उत्तरेला एका मळ्यावर पंप चालवायला होतो. मालक म्हातारा कतारी, त्याला सगळे अरबाब म्हणायचे. त्याचे भाऊ, बलुची गडी आणि आम्ही चौघं साताऱ्याकडचे. मळ्यात दोन विहिरी — एक गोडी, एक खारी. खारं पाणी खजुराला, गोडं भाजीला. दोन्हीची पाइपं एका जागी यायची, तिथं दोन चाकं होती. जे फिरवाल ते पाणी. ती चाकं माझ्या ताब्यात. माझा बाप गावाकडं पाटकरी, कालव्याचं पाणी पाळीनं सोडणारा. मोठे मोठे बागाईतदार त्याला वाकून रामराम घालायचे. पाणी ज्याच्या हातात त्याचा रुबाब — हे मी घरातच शिकलो होतो.

तिथं ब्रिता आली. स्वीडनची, पंचविशीची. दोह्यात नर्स होती. अरबाबच्या आईचं आजारपण तिनं काढलं, आणि बक्षीस काय मागितलं? जमिनीचा तुकडा. तिकडं बापाचं शेत भावाला गेलं होतं, हिला कुणी विचारलंसुद्धा नव्हतं. अरबाबनं एक हंगाम दिला. टोमॅटो आले तर तुकडा तिनं कसावा, नाही आले तर गाशा गुंडाळून घरी जावं. अरबाबच्या भावांना ती डोळ्यांसमोर नको होती. आणि आम्ही? आम्ही फिदीफिदी हसायचो. बाईनं दारं धरायची — वाफ्यात उभं राहून पाणी वळवायचं — असलं आमच्या गावात चालत नव्हतं.

पण शिकली. मीच शिकवली. चाक किती फिरवायचं, माती मुठीत दाबून ओल कशी बघायची. तोवर मला बरं वाटत होतं — गोरी बाई माझ्याकडून शिकतेय, काय समजलात? मग एकदा सगळे चहाला बसलो असताना ती उठली, स्वतः चाक फिरवलं आणि मोडक्या हिंदीत मला म्हणाली, "तुम बैठो. मेरा पानी मैं देखेगी."

चांगल्या मनानं म्हणाली हो. मला चार घोट निवांत घेता यावेत म्हणून. बलुची हसले. आमच्यातला एक म्हणाला, "घ्या, तुमची पेन्शन सुरू झाली." एवढंच. एवढ्यावरून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली — आणि आज तिची आठवण आली की तीच आग येते, फक्त आता ती माझ्यावर असते. हलकट माणूस. दुसरा शब्द नाही.

टोमॅटो फळावर आले होते. कागदांच्या कामाला तिला काही दिवस दोह्याला जायचं होतं. जाताना तिनं गोड्या विहिरीचं चाक थोडं उघडून ठेवलं — बारीक धार, वाफे ओले राहतील इतकी. भाजीच्या पिकअपमध्ये बसून गेली. गाडीची धूळ बसली नसेल, गडी खजुराकडं वळले आणि मी उठलो. गोडं चाक बंद केलं. खारं उघडलं.

आणि तसंच ठेवलं. रोज जाऊन बघत होतो. पानांच्या कडा करपल्या, जमिनीवर पांढरं फुटलं. बंद करायला काय लागत होतं? एक हात. मी नाही केलं.

ती आली तेव्हा झाडं मेलेली. अरबाब आला, भाऊ आले. अरबाबनं मला विचारलं, पाणी कुणी सोडलं? मी तिच्याकडं बोट केलं. म्हणालो, चाक हिनंच उघडलं, माझ्या हातात हिनं काही ठेवलंच नव्हतं. गडी होकाराची मान हलवू लागले, जाताना तिनं चाक उघडलेलं त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं ना! अरबाबनं वाकून एक वाळकं झाड उपटलं. मग म्हणाला, "खलास."

तिनं भांडायला हवं होतं. मला शिव्या द्यायला हव्या होत्या. मी वाट बघत होतो. ती उघड्या चाकाजवळ गेली, त्यावर हात ठेवून उभी राहिली. मग मला हाक मारली आणि विचारलं — गोडं पाणी नक्की कुठल्या चाकाला? मी चुकीचं शिकले वाटतं.

मी दाखवलं. हे गोडं, हे खारं. तिनं मान डोलावली, आभार मानत "शुक्रन" म्हणाली. आठवड्याभरात गेली.

त्या तुकड्यात पुढं भावांनी मोडक्या गाड्या लावल्या. मी आणखी कित्येक वर्षं तिथंच राहिलो, चाकं माझ्याच हातात. परत आल्यावर गावात लोक म्हणायचे, पाण्याला माणूस असावा तर असा. मी ऐकून घेतलं.

कुठं असेल ती? असलीच तर अजून समजत असेल, की आपल्या हातानं आपण आपलं पीक जाळलं. तिनं नाही जाळलं. मी जाळलं.