डाव्या खांद्याची दुनळी

चुलतभावाच्या बैठकीत टांगलेली दुनळी बंदूक मला कधी सुखानं बघवली नाही. आज्याच्या हयातीतच वाटण्या झाल्या, तेव्हा बंदूक त्याच्याकडं गेली आणि विहीर माझ्याकडं. बहात्तरच्या दुष्काळात माझ्या विहिरीनं तळ दाखवला. त्याच सुमारास तो सोसायटीचा चेअरमन झाला. कुणी अधिकारी आला की चहाबरोबर बंदूकही भिंतीवरून खाली यायची. "लंडनची हाय, आमच्या आज्याची," असं तो सांगायचा आणि मी चहा अर्धाच ठेवून उठायचो. आजा माझाही होता, पण मला कोण विचारतंय.

ती बंदूक नकली निघावी एवढंच मला हवं होतं. बीडला बंदुका दुरुस्त करणारा एक म्हातारा मिस्त्री होता. तेलपाणी करायच्या निमित्तानं मीच त्याला भावाच्या घरी आणला.

मिस्त्रीनं सतरंजीवर बसून नळ्या लाकडी दस्त्यापासून वेगळ्या केल्या. नळ्यांमधल्या पट्टीवर लंडनचा पत्ता कोरलेला होता. भावानं माझ्याकडं बघून मिशीवर हात फिरवला. मिस्त्रीनं मात्र नळ्या उलट्या करून तेलकट मळ पुसला आणि खालचे बारीक शिक्के उजेडात धरले.

"चेअरमनसाब, वरचं नाव विकणाऱ्या दुकानाचं हाय. बनवणाऱ्याची ही खाली दोनच अक्षरं. अन् नळी बार सोसती का, त्या तपासणीचा शिक्का बर्मिंगहॅमचा हाय, लंडनचा न्हाई."

मला किती गोड वाटलं म्हणून सांगू. "म्हणजे नकली?" मी घाईनं विचारलं.

"नकली कावून? लई अस्सल माल हाय. बिनधुराच्या नव्या दारूच्या तपासणीचा शिक्का न्हाई, म्हंजी धूर करणाऱ्या काळ्या दारूच्या जमान्यातली. ऐंशीएक वर्षं तरी झाली."

माझं तोंड उतरलं. मिस्त्रीनं बंदूक पुन्हा जोडली आणि एक डोळा मिटून दस्त्याच्या मागून पाहिलं. "ही डावऱ्या माणसासाठी बनवलेली हाय. दस्त्याला डावीकडं बाक दिलाय."

भावानं उजव्या खांद्याला लावून बघितली. गाल नीट टेकेना. मग त्यानं ती माझ्या हातात दिली. मी डावरा. माझ्या खांद्यावर ती शिवून घेतलेल्या सदऱ्यासारखी बसली. इतकी वर्षं ही ह्याच्या भिंतीवर फुकट लटकली, असं वाटून मी पेटलो.

"आजाही डावराच होता," मी म्हणालो. "ही माझ्याच वाट्याला यायला पाहिजे होती, दादा."

"आजा तेच म्हणलता," भाऊ शांतपणे म्हणाला. "वाटणीच्या आदल्या दिवशी मला म्हणला, बंदूक धाकट्याला देऊ, डावरा हाय तो. पण वाटणीला बसल्या बसल्या तूच आधी विहीर मागितलीस. मग म्हातारा काय बोललाच न्हाई."

मी बंदूक त्याच्या हातात परत दिली. त्यानं ती पुन्हा भिंतीवर टांगली.

त्या दिवसापासून बंदुकीचा हेवा सुटला. पण आज्यानं मनातलं त्याला सांगितलं, मला नाही, याचा अजून सुटत नाही.