वाजतो का, एवढंच विचारणारा दिगू

दिगू गेल्याचं मला आमच्या साहेबांच्या मेसेजवरून कळलं. 'एक तज्ज्ञ सहकारी हरपला', आणि पुढे जोडलेले हात. याच माणसाने त्याला 'फार शहाणा' म्हणून घरी बसवलं होतं. शरम काहींच्या वाट्याला येतच नाही. पेणला त्याच्या घरी गेलो आणि अंगणातच रडू कोसळलं... हृदयविकाराने गेला म्हणाले.

रोह्याच्या एका केमिकल कारखान्यातला गॅसगळतीच्या अलार्मचं काम आमच्या कंपनीकडे होतं. सेन्सरचं कार्ड लिनक्सच्या कर्नलशी, म्हणजे संगणक चालवणाऱ्या प्रणालीच्या गाभ्याशी, जोडायला मॉड्यूल नावाचा छोटा प्रोग्राम लागतो, आणि कर्नल बदलला की तो पुन्हा बिल्ड करावा, म्हणजे नव्याने बांधावा लागतो. साहेबांनी त्यात स्वतःच्या हाताने अट घातली होती: कर्नलच्या आवृत्तीचा नंबर अमुकच्या पुढे असेल तर सेन्सर वाचायची नवी पद्धत, नाहीतर जुनी. कर्नल पुरवणारे नंबर जुनाच ठेवून आत नव्या गोष्टी घालतात, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

"पोत्यावर शिक्का गेल्या वर्षीचा, आत तांदूळ यंदाचा," दिगू म्हणाला. "शिक्का काय वाचता साहेब? मूठभर काढून बघा. नवं फंक्शन हाय का नाय, ते चार ओळी कंपाइल करून कळतं."

साहेब हसले. नंबर अधिकृत असतो म्हणाले.

बिल्ड विनातक्रार झालं, स्क्रीन हिरवीगार. दिगूने चाचणीच्या गॅसची बाटली सेन्सरसमोर धरली... अलार्म गप्प. जुनी पद्धत त्या कर्नलमध्ये नावापुरती उरलेली, ती आपली शून्य वाचत बसली होती. त्या अलार्मच्या भरवशावर दिगूचा धाकटा भाऊ महेश रोज शिफ्टला उभा राहायचा, म्हणून दिगूचा आवाज चढला. यावर आमच्या थोर पुरुषाने काय करावं? अटीत आणखी एक नंबर वाढवला आणि दिगूला काढलं.

शोकसभा कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये झाली. साहेब 'त्यांचा वारसा' वगैरे बोलत असताना महेश उठला.

"परवा कर्नल बदललात ना साहेब? अलार्म वाजतो का?"

"लेटेस्ट व्हर्जन आहे, काळजी नको."

"नंबर नाय विचारला मी. वाजतो का?"

साहेब फोनमध्ये काहीतरी शोधू लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळची शिफ्ट आत गेलीच नाही. अष्टमी, खांब या आसपासच्या गावांची माणसं महेशबरोबर गेटवर बसून राहिली. शेवटी साहेबांनाच बाटली घेऊन सेन्सरसमोर उभं राहावं लागलं. वाजला नाही. मग नंबरची अट काढून दिगूने लिहून ठेवलेली ती चार ओळींची चाचणी त्यांनी मुकाट्याने मॉड्यूलमध्ये घातली, तेव्हा कुठे वाजला. आता दर शिफ्टला आधी अलार्म वाजवतात, मग माणसं आत जातात. दिगू एवढंच मागत होता.