'होती' म्हणायचं तर

भावाच्या ऑपरेशनसाठी मी कोपरीतल्या हॉस्पिटलात थांबलेलो. बाकावर शेजारी सुदानचा एक अरबी बोलणारा माणूस असायचा, बायकोला उपचारासाठी घेऊन आलेला. तिची ओढणी मांडीवर घेऊन सारखी घडी घालायचा, मोडायचा. पूर्वी इथे शिकल्यामुळे हिंदी बोलायचा.

एका दुपारी डॉक्टर त्याला ती गेल्याचं सांगून गेले. मी त्याचा हात धरला.

तो म्हणाला, "भाई, आमच्या भाषेत 'ती माझी बायको' एवढंच म्हणतात. 'आहे' लागत नाही. 'होती' म्हणायचं तर मात्र वेगळा शब्द लावावा लागतो."

मग त्याने गावी फोन लावला. सासूने उचलला. तो शब्द त्याच्या तोंडून निघेना. तो नुसतं बायकोचं नाव घेत राहिला, आणि पलीकडे रडणं सुरू झालं.